मल्लनकेरीत अक्का पंगतीला बसल्या

सहलीहून परतल्यापासून गल्लीतली जी ती बाई मला एकच विचारते, "शोभाताई, काय काय पाहिलंत?" आता यांना काय सांगू! मल्लनकेरीला दोन दिवस राहून आले आणि त्यातला पहिला निम्मा दिवस मी नुसती परात पाहिली. मठ, पेठ, विहीर हे सगळं नंतर पाहिलं. म्हणून म्हटलं, एकदाच बसून लिहून काढावं, म्हणजे प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत बसायला नको.

सोलापूर

नाताळच्या सुट्टीत आमचं महिला मंडळ एका मुक्कामाची सहल काढतं. कुठे जायचं यावरून दरवर्षी भांडण ठरलेलं. निम्म्या जणींना रिसॉर्ट हवं असतं, निम्म्या जणींना देवदर्शन. मी जन्मभर वीजबिलाच्या खिडकीमागे बसून नोकरी केलेली बाई, त्यामुळे आरडाओरडा करणाऱ्यांना गप्प कसं करायचं ते मला चांगलं येतं. मी म्हटलं, "मल्लनकेरीला चला. मठ आहे आणि गरम पाण्याच्या खोल्याही आहेत." भांडण तिथेच मिटलं.

मल्लनकेरी अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. मधोमध लिंगायतांचा जुना मठ आणि त्याच्याभोवती दगडी घरांची पेठ. पाणी आटलं तशी माणसं सोलापूर, हैदराबाद अशी पांगली आणि घरं पडत गेली. मग काही वर्षांपूर्वी त्याच घराण्यांतली मंडळी परत आली. त्यांनी विहिरीचा गाळ काढला, पडलेले दगड पुन्हा जागच्या जागी चढवले, मठाचं लाकूडकाम जुन्यासारखं करून घेतलं. आता काही कुटुंबं तिथे कायमची राहतात आणि उरलेल्या घरांत पाहुणे उतरतात.

या वर्षीच्या सहलीला आणखी एक कारण होतं, ते म्हणजे आमच्या अक्का. नाव नरसक्का, घरची भाषा तेलुगू. नवरा यंत्रमागावर कामाला होता. तो गेल्यावर अक्कांनी पूर्वभागात खानावळ काढली आणि मागावरच्या कामगारांच्या दोन पिढ्या जेवू घातल्या. गेल्या पावसाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला आणि खानावळ बंद झाली. मुलगा किरण पुण्यात असतो. सून मेघना नाशिकची, नोकरी करणारी. दोघंही गुणाची आहेत आणि आईने आता आपल्याकडेच राहावं म्हणून मागे लागलेली आहेत. अक्का याआधी दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा आठवडाभरात पिशवी उचलून परत आल्या. का, ते कुणाला सांगितलं नाही. "तिकडली हवा सोसत न्हाय गं," एवढंच. सोलापूरचा उन्हाळा पचवलेल्या बाईला पुण्याची हवा सोसत नाही, हे माझ्या काही पचनी पडलं नाही.

आता संक्रांतीनंतर त्या तिसऱ्यांदा जाणार होत्या आणि या वेळी इथली भाड्याची खोली सोडून. म्हणजे तिथे जमलं नाही तर परत यायला जागाच नाही. आम्हा सगळ्यांच्या जिवाला तोच घोर लागला होता. तेव्हा ही सहल म्हणजे अक्कांचा निरोप समारंभच होता, फक्त तसं कुणी तोंडाने म्हणत नव्हतं.

गाडीत

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही, कारण प्रवासभर आम्ही खातच होतो. कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे, दह्याचा डबा, आमच्या मंडळातल्या शमीमआपाच्या खोबऱ्याच्या वड्या. मल्लनकेरीला खायला मिळतं हे माहीत असूनही एवढं घेतलं होतं. सोलापूरच्या बायका चंद्रावर गेल्या तरी सोबत शेंगाचटणी नेतील. अक्का मधल्या वाटेत दोन्ही बाजूंच्या सीटना धरून उभ्या होत्या आणि एकेकीच्या हातात धपाटं ठेवत होत्या. गाडी वळली की आमचा जीव खालीवर व्हायचा.

"अक्का, बसा की हो. तुम्ही कधी खाणार?" मी विचारलं.

"खाते की. आधी तुमचं हू दे."

आमचं झालं, ड्रायव्हरचं झालं, तेवढ्यात डबा रिकामा झाला. अक्कांनी तो पुसून पिशवीत ठेवला आणि त्या समाधानाने बसल्या. आम्हाला याची इतकी सवय की कुणाला काही वाटलंही नाही.

बाहेर काळ्या रानात ज्वारी छातीएवढी उभी होती. मधूनच तुरीचा पट्टा लागे. पाट्यांवर मराठीखाली कानडी दिसायला लागली आणि आमच्या मंडळातली सगळ्यात लहान सभासद, औषधाच्या दुकानात काम करणारी वैशाली, गॉगल चढवून फोटोसाठी सज्ज झाली.

मल्लनकेरी, पहिला दिवस

वेशीतून आत गेलं की पहिली जाणवते ती शांतता. सगळी पेठ एकाच रंगाच्या दगडाची, मध्ये फरसबंदी, दोन्ही बाजूंना ओटे. घरांची दारं इतकी ठेंगणी की आत जाताना वाकावंच लागतं. प्रत्येक दारात पाण्याचा माठ आणि वर तांब्या, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही प्यावं. आमच्या अपार्टमेंटमध्ये शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तर आधी दाराच्या भिंगातून बघतात. मला जरा लाजच वाटली, पण माठातलं पाणी मी दोन तांबे प्यायले.

आम्हाला गाव दाखवणारं माणूस अजून यायचं होतं. तोवर आमचा घोळका मठाशेजारच्या एका लांबट इमारतीपाशी गेला. दारात तुळईला मोठी पितळी घंटा लटकलेली. आता घंटा दिसली आणि ती न वाजवता पुढे गेली अशी बाई मला तरी माहीत नाही. आत देव असणारच, असं आम्ही गृहीत धरलं. सगळ्यांचे हात दोरीकडे गेले. मी म्हटलं, "थांबा गं. पहिला मान अक्कांचा."

अक्कांनी डोक्यावर पदर घेतला आणि दणदणीत तीन टोले दिले. आम्ही हात जोडून आत डोकावलो. आत देव नव्हता. लांबच लांब मोकळं दालन होतं आणि टोकाला चुली.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक आजोबा बाहेर आले. शेजारच्या घरातून हात पुसत एक बाई आली. मग दारामागून दार उघडायला लागलं. पोरं ताटल्या वाजवत पळत आली. पलीकडच्या रानातून कुणीतरी ओरडून विचारलं आणि इकडून कुणीतरी ओरडून उत्तर दिलं. शमीमआपा माझ्या कानाशी लागली, "शोभा, हमने क्या कर दिया गे?"

हात पुसत आलेल्या बाईंचं नाव गंगव्वा. कपाळावर भस्म, आवाज खणखणीत. त्यांनी हात जोडले, "शरणु शरणार्थी. आज कुणाचा दासोह हाय?"

दासोह म्हणजे मठातलं सगळ्यांचं एकत्र जेवण, एवढं मला माहीत होतं. कुणाचा, हे मात्र समजेना. गंगव्वांनी सांगितलं ते असं. या गावात दासोहाची घंटा देवासाठी वाजत नाही. ज्याला गावाला जेवू घालायचं असेल तो ती वाजवतो. मग त्या दुपारी गावात कुणाच्याच घरी चूल पेटत नाही. पीठ, डाळ, तांदूळ मठाच्या कोठारात असतंच. घंटा वाजवणाऱ्याने जवळ जे असेल ते त्यात घालायचं आणि त्याच्या सोबतच्या मंडळींनी रांधायचं.

"अहो पण आम्ही चुकून वाजवली," मी म्हटलं. "आम्हाला वाटलं देऊळ आहे."

"वाजली की पण," गंगव्वा हसत म्हणाल्या. "आता बघा, पोरं ताटल्या घिऊन बसली. त्यास्नी कोण सांगनार? तुमीच सांगा."

मी पोरांकडे बघितलं आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. आमच्यातल्या दोघीतिघी मागच्या मागे खोल्यांकडे सरकायला लागल्या. पण अक्का! त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. खानावळ बंद झाल्यापासून असा चेहरा आम्ही पाहिला नव्हता. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला गं. किती मानसं हाईत? शमीम, तू भात बघ. मी भाकरीला बसते."

"तुमी न्हाई," गंगव्वांनी त्यांच्या दंडाला धरलं. "ज्यानं घंटा वाजवली त्यानं चुलीला हात लावायचा न्हाय. वाढायचं बी न्हाय. त्यानं पंगतीत पयलं बसायचं. तेनं घास घेतल्याबिगर कुनी जेवत न्हाय."

"म्हंजे काय? मी नुसती बसू?"

"व्हय. नुसतं बसा."

अक्कांना कुणी शिवी दिली असती तरी त्या एवढ्या चिडल्या नसत्या. "असं कुटं असतंय काय? तीस वर्षं खानावळ चालवली मी. ह्यांना काय येतंय?" 'ह्यांना' म्हणताना बोट माझ्याकडे होतं. पण गंगव्वा हलेनात. त्यांनी त्या आजोबांना, महादप्पांना, हाक मारली आणि अक्कांना मठ दाखवून आणायला सांगितलं. अक्का गेल्या खऱ्या, पण थोड्या थोड्या वेळाने त्यांचं डोकं खिडकीत दिसायचं. "आमटीला मीठ घातलं काय?" मागून महादप्पा शांतपणे यायचे आणि त्यांना घेऊन जायचे.

आमच्या स्वयंपाकाची कथा सांगण्यासारखी नाही, पण सांगते. मंडळात माझ्या भाकरीला नाव आहे. म्हणजे चारपाच भाकऱ्या करायच्या असतात तेव्हा. इथे परातीत पिठाचा डोंगर आणि तवा एवढा मोठा की त्यावर माझी भाकरी टिकलीसारखी दिसायला लागली. चुलीच्या धुराने डोळ्यांतून पाणी, एक भाकरी करपली, दुसरी उलटताना दुमडली. तिसरी बरी झाली म्हणून मी सगळ्यांना दाखवत होते तेवढ्यात ती तुटली. गंगव्वा आणि गावातल्या दोघी शेजारी बसून भराभर थापत होत्या. माझ्याकडे बघून हसत होत्या, पण लपवून हसत होत्या, हे त्यांचं सौजन्य. भात मात्र शमीमआपाने वाचवला. लग्नाघरी बिर्याणी करणारी बाई ती. तांदळाच्या पातेल्यात बोट बुडवून पाणी ठरवलं आणि भात मोकळा उतरवला. वैशालीने वांगी चिरली, गॉगल डोक्यावर ठेवून. गावातल्या बायकांनी गुळाचा सांजा करायला घेतला. आमची उरलेली शेंगाचटणी, कडक भाकरी, खोबऱ्याच्या वड्या सगळं ताटात जाऊन बसलं.

पंगत बसली. पहिल्या पाटावर अक्का. त्यांच्यापासून दोन्ही बाजूंना सगळं गाव, म्हातारे, बाया, पोरं, रानातून आलेले गडी. आम्ही वाढलं. महादप्पांनी कानडीत दोन ओळी म्हटल्या आणि सगळे अक्कांकडे बघायला लागले.

अक्का बघत होत्या ताटाकडे. हात मांडीवर. आम्हाला वाटलं, रागावल्या आहेत. मी जवळ जाऊन वाकले, "अक्का, घ्या की घास. पोरं थांबलीत."

"जमत न्हाय गं," त्या हळू म्हणाल्या. "मी उठते. तू बस हितं."

"असं काय करता?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "कुनी वाढलं की माझ्या घशाखाली उतरत न्हाय शोभा. पुन्यात बी असंच. मेघना बिचारी ऑफिसातनं यिऊन वाढायची आनि मी ताटावर बसून असायची. मला चुलीला हात लावू द्यायची न्हाय. गुडघे दुखतील म्हनायची. माझ्या खानावळीत बसून खायचं ते गिऱ्हाइकानं. आता मी पोराच्या घरात गिऱ्हाईक हून बसू काय?"

तर ती पुण्याची हवा ही होती! मला त्यांची कीव नाही आली, रागच आला, आणि तो आमच्या सगळ्यांचा. इतकी वर्षं ही बाई आमच्या हातात धपाटी ठेवत आली आणि आम्ही खात आलो. एकीने कधी तिला हाताला धरून बसवलं नाही.

गंगव्वा तांब्या घेऊन मागेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या अक्कांसमोर उकिडव्या बसल्या. "अक्का, गिऱ्हाईक न्हाय हो तुमी. गिऱ्हाईक जेवलं न्हाय तर दुसरं कुनी उपाशी ऱ्हातंय काय? हितं तुमी घास घेतला न्हाय तर सगळं गाव उपाशी उठंल. आज खानं हेच तुमचं काम हाय. करा की काम."

अक्कांनी पंगतीवरून नजर फिरवली. पलीकडच्या एका चिमुरडीने जीभ बाहेर काढून सांज्याच्या वाटीवर नाक टेकवलं होतं. कामाचं नाव काढलं की अक्का मागे हटत नाहीत. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला.

सगळी पंगत एकदम जेवायला लागली. ताटांचा, भुरक्यांचा, पोरांचा असा काही आवाज उठला की पुढचं मला ऐकूच आलं नसतं, पण मी जवळच होते.

"भाकरी कुनी केली?" अक्कांनी विचारलं.

मी पदराला हात पुसले. "मी."

"कडंला कच्ची हाय." दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग थांबून त्या म्हणाल्या, "पन गरम हाय गं. तव्यावरची गरम भाकरी मी लगीन झाल्यापासनं आज पयल्यांदा खातेय."

मी तव्याकडे गेले. धुराचं निमित्त होतंच, त्यामुळे डोळे पुसायला कुणाची चोरी नव्हती. आणखी एक भाकरी थापली, ती नीट फुगली, ती पळत नेऊन अक्कांच्या ताटात टाकली. त्यांनी "पुरे" म्हटलं नाही. वर हात करून सांजा मागितला.

मल्लनकेरी, दुसरा दिवस

सकाळी महादप्पांनी सगळं गाव दाखवलं. विहीर बघण्यासारखी आहे. पायऱ्या उतरत गेलं की गारवा अंगाला लागतो आणि तळाशी पाण्यात आभाळ दिसतं. वैशाली फोटोसाठी वाकली आणि तिचा गॉगल त्या आभाळात गेला. महादप्पा म्हणाले, "उन्हाळ्यात पानी खाली गेलं की सापडंल. तवा या." मठात गावातली मंडळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसली होती, प्रत्येकाचा देव प्रत्येकाच्या हातात. आमच्याकडे देवळात रांगेतली ढकलाढकली सोसल्याशिवाय दर्शन झाल्यासारखं वाटत नाही. इथे कोण कुणाच्या पुढे नाही की मागे नाही. एका घरात घोंगडी विणण्याचा माग पुन्हा सुरू केला आहे. अक्का तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या, मागाचा आवाज ओळखीचा म्हणून.

निघताना गंगव्वांनी ओट्यावर चहा आणला. अक्का ओट्यावर बसल्या होत्या, बसून राहिल्या. चहा प्यायल्या. रिकामा कप गंगव्वांनी नेला आणि अक्कांनी तो नेऊ दिला. शमीमआपाने मला कोपराने ढोसलं. मीही पाहिलं होतं.

परतीची वाट

अक्कलकोट मागे पडलं आणि अक्कांचा फोन वाजला. त्या फोन कायम स्पीकरवर टाकून, समोर आरशासारखा धरून बोलतात, त्यामुळे त्यांचं खासगी असं काही राहत नाही. मेघना होती.

"आई, सहल झाली का छान? किरणने गाडी सांगून ठेवलीय, संक्रांतीनंतरची. आणि आई, मी काय म्हणते, आपण स्वयंपाकाला बाई लावू या का? म्हणजे मी वाढलेलं तुम्हाला..." ती अडखळली. "तुम्हाला माझ्या हातचं आवडत नाही, मला कळतं ते."

गाडीत आम्ही सगळ्या खिडकीबाहेर बघायला लागलो. इतक्या जणी एकदम ज्वारीकडे बघत होत्या.

"कोन म्हनलं आवडत न्हाय?" अक्का ओरडल्याच. "बाई-बिई नको. तूच कर. भाकरी कर."

"मी? आई, मला ज्वारीची भाकरी येत नाही. थापताना चिरते."

"चिरू दे की. पन तव्यावरची गरम वाढ. मी पाटावर बसते. आनि दोन झाल्या की चूल बंद करायची, मग मी वाढते, तू बसायचं. समजलं काय?"

पलीकडून काहीच आवाज येईना. अक्कांनी फोन हलवला, कानाला लावला, पुन्हा समोर धरला. "हॅलो? हॅलो? वैशाली, बघ गं, रेंज गेली काय?"

वैशालीने वाकून बघितलं. "आहे की, अक्का."

मग फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला आणि मेघना म्हणाली, "आई, मी आजच ज्वारी दळून आणते."